‘परिचर्या लिहा’ : गुण पाच

आमच्या घरामागच्या खोलीत वर्षभरापासून एक मुलगी भाड्याने राहते. सांगोला तालुक्यातली, शेतकऱ्याची लेक. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा तोंडावर आली की रोज संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे येते. मी निवृत्त पाठ्यनिर्देशिका, म्हणजे आपल्या भाषेत सिस्टर ट्यूटर. तीस-बत्तीस वर्षे नर्सिंगच्या मुलींना शिकवले, त्यामुळे वही उघडली की हात आपोआप चष्म्याकडे जातो.

परवा तिने मेडिकल-सर्जिकल नर्सिंगची उजळणी काढली. मी विचारले, “न्यूमोनियाच्या रुग्णाची परिचर्या सांग.” तिने डोळे मिटून घडाघडा सांगितले. रुग्णाला आरामदायी स्थितीत ठेवणे, टीपीआर व बीपी तपासणे, इनटेक-आउटपुट चार्ट ठेवणे, डॉक्टरांनी सांगितलेली औषधे देणे, आहार देणे, स्वच्छता राखणे, नातेवाइकांना माहिती देणे, मानसिक आधार देणे. आठ मुद्दे. मग मी मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाची परिचर्या विचारली. तेच आठ मुद्दे, क्रम थोडा मागेपुढे. जळीत रुग्णाचे विचारले, तर पुन्हा तेच आठ.

मी म्हटले, “अगं, मानसिक आधार म्हणजे नेमकं काय देतेस?”

ती खळखळून हसली. “मॅडम, ते शेवटी लिहायचं असतं.”

त्या हसण्याने माझी रात्रीची झोप गेली. म्हणून आजचा हा लेख. तो नर्सिंगच्या मुलींसाठी आहे आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे. उद्या ज्यांना रुग्णालयाच्या कॉटवर झोपायचे आहे त्यांच्यासाठी, म्हणजे आपणा सर्वांसाठीही आहे.

हा विषय आहे तरी काय?

मेडिकल-सर्जिकल नर्सिंग हे नाव जड वाटते, पण अर्थ सोपा आहे. प्रौढ माणूस आजारी पडून रुग्णालयात आला की त्याची जी सगळी शुश्रूषा करावी लागते, तिचे हे शास्त्र. हृदयविकार, दमा, क्षय, अल्सर, कावीळ, मधुमेह, लकवा, मूत्रपिंडाचे विकार, भाजणे, हाड मोडणे, कर्करोग, शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी आणि नंतरची देखरेख, हे सगळे यात येते. जीएनएमला दुसऱ्या वर्षी या विषयाचे दोन भाग असतात. बी.एस्सी. नर्सिंगच्या २०२१ नंतरच्या नव्या अभ्यासक्रमात याला ‘अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग’ असे नाव मिळाले. नाव बदलले, रुग्ण तोच राहिला. बाळंतपण आणि लहान मुले वगळली, तर वॉर्डातल्या बहुतेक कॉटा या एकाच विषयात मोडतात.

म्हणून या विषयाची उजळणी कशी होते याकडे मी जरा काळजीने पाहते. मुलींच्या हातात आज मोबाइल आहे. त्यात तयार नोट्स आहेत, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत, ‘आयएमपी’ प्रश्नांच्या याद्या आहेत. आमच्या वेळी सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स होत्या, एवढाच फरक. ‘व्याख्या लिहा, कारणे लिहा, लक्षणे लिहा, परिचर्या लिहा’ हा प्रश्नाचा साचा फार जुना आहे. त्या साच्यात बसणारे उत्तर पाठ केले की मुलगी पास होते. पास झालेली मुलगी नोंदणी करून वॉर्डात उभी राहते. मग खरी परीक्षा सुरू होते, आणि तिथे ‘आयएमपी’ची यादी नसते.

मला मिळालेले पहिले गुण

दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी स्वतःचे सांगते.

साल १९७५. एका मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात मी शिकत होते. ‘शॉक’ या प्रश्नावर आमच्या तुकडीत मला सर्वांत जास्त गुण मिळाले होते. नाडी जलद व क्षीण होणे, त्वचा थंड व घामेजलेली होणे, अस्वस्थता, तहान, लघवीचे प्रमाण कमी होणे, रक्तदाब उतरणे. आजही झोपेतून उठवले तरी सांगेन.

त्यानंतर महिन्याभरातच सर्जिकल वॉर्डात रात्रपाळी लागली. दुपारी पोटाच्या अल्सरचे ऑपरेशन झालेला, साखर कारखान्यात फिटर असलेला चाळिशीचा गृहस्थ माझ्याकडे होता. दर तासाला नाडी आणि रक्तदाब बघून तक्त्यावर लिहायचे होते. मी अगदी इमानदारीने लिहिले. दहा वाजता नाडी ८४, अकरा वाजता ९२, बारा वाजता १०४, एक वाजता ११८. रक्तदाब वरचा १२४, १२०, ११८, ११४. रक्तदाब ठीक दिसत होता, म्हणून मी निर्धास्त होते. तो माणूस सारखी कूस बदलत होता, पांघरूण फेकत होता, पाणी मागत होता. जमिनीवर चटई टाकून बसलेली त्याची बायको म्हणाली, “बाई, यांचं कायतरी निराळंच दिसतंय.” मी म्हटले, “ऑपरेशन झालंय, दुखणारच. त्यांना पडून राहायला सांगा.” आणि तक्त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘रुग्ण अस्वस्थ.’

सव्वा वाजता रात्रीच्या सिस्टर फेरीला आल्या. त्यांनी आधी त्याच्या पावलांना हात लावला. मग तक्ता पाहिला. मग कॉटखाली वाकून लघवीची बाटली पाहिली. तीन तासांत जेमतेम तळ भिजला होता. पुढच्या अर्ध्या तासात सर्जन आले आणि रुग्ण पुन्हा थिएटरात गेला. बांधलेली एक रक्तवाहिनी सुटली होती आणि पोटात रक्त साठत होते.

तो माणूस वाचला. माझ्यामुळे नव्हे. त्या सिस्टर मला ओरडल्या नाहीत. पहाटे तक्ता माझ्यापुढे धरून एवढेच म्हणाल्या, “हे आकडे कुणासाठी लिहिलेस?”

मी शॉकची सगळी लक्षणे पाठ केली होती. ती सगळी माझ्यासमोर कॉटवर होती, मी ती स्वतःच्या हाताने लिहूनही ठेवली होती. फक्त पुस्तकातली लक्षणे आणि कॉटवरचा माणूस यांची गाठ माझ्या डोक्यात पडली नव्हती. शरीर रक्तवाहिन्या आवळून धरते आणि हृदय जलद चालवते, त्यामुळे लिटरभर रक्त गेले तरी प्रौढाचा रक्तदाब बराच काळ जवळपास तसाच दिसू शकतो. आधी नाडी वाढते, रक्तदाब मागाहून कोसळतो. हे ‘का’ मला कुणी विचारले नव्हते आणि मीही कुणाला विचारले नव्हते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे नाव आपण दिव्यासाठी घेतो. पण क्रिमियाच्या युद्धानंतर त्यांनी मोठे काम केले ते आकड्यांचे. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त सैनिक मेले, हे त्यांनी १८५८ साली आकृत्या काढून सरकारला दाखवून दिले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची नर्सिंगची शाळा निघाली. आकडा लिहायचा तो त्यातून काही ओळखण्यासाठी, हा धडा या व्यवसायाच्या मुळातच आहे. आम्ही त्यातले लिहिणे ठेवले आणि ओळखणे विसरलो.

एक कॉट धरून अभ्यास करा

त्या मुलीला मी म्हटले, आता धड्याप्रमाणे उजळणी बंद. रोज वॉर्डातला एक रुग्ण धरायचा. त्याचे नाव वहीत लिहायचे नाही, कॉटचा नंबर पुरे. आणि प्रत्येक मुद्द्यापुढे ‘का’ लिहायचे. चार संध्याकाळी आम्ही काय केले ते सांगते. वाचकांनाही उपयोगी पडेल.

पहिली कॉट, दम्यासारखा जुनाट श्वासरोग असलेल्या आजोबांची. चाळीस वर्षे विड्या ओढलेल्या. तिने लिहिले, ‘ऑक्सिजन देणे.’ मी विचारले, किती? ती म्हणाली, भरपूर. इथेच घात आहे. अशा काही रुग्णांमध्ये जास्त ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, रुग्ण गुंगीत जातो. म्हणून त्यांच्यासाठी बोटाला लावायच्या यंत्रावर ८८ ते ९२ एवढेच लक्ष्य ठेवतात. १०० दिसले की नातेवाईक खूश होतात, सिस्टर मात्र धास्तावते. काळजीपोटी एखादा मुलगा सिलिंडरची चावी हळूच वाढवून ठेवतो. मंडळी, कृपा करून त्या चावीला हात लावू नका. आणि मुलींनो, नुसते ‘हात लावू नका’ म्हणून खेकसू नका, कारण सांगा. कारण सांगणे हाच तुमचा तो आठवा मुद्दा, मानसिक आधार.

दुसरी कॉट, स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या बाईंची. पुस्तकात पार्कलँडचे सूत्र आहे. वजन गुणिले भाजल्याचे शेकडा प्रमाण गुणिले चार, एवढे मिलिलिटर सलाईन पहिल्या चोवीस तासांत, त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. पन्नास किलोच्या बाई वीस टक्के भाजल्या तर चार लिटर, म्हणजे पहिल्या आठ तासांत दोन लिटर. गुणाकार तिने बरोबर केला. मी विचारले, आठ तास कधीपासून? ती म्हणाली, अ‍ॅडमिट झाल्यापासून. चूक. भाजल्या क्षणापासून. बाई सकाळी आठला भाजल्या आणि वाडीवरून जीप मिळून बाराला पोचल्या, तर दोन लिटर चारच तासांत जायला हवेत. परगावाहून येणाऱ्या आपल्याकडच्या रुग्णाचे चार तास असे रस्त्यातच जातात. सलाईनचा वेग अर्थात डॉक्टर ठरवतील, पण ‘किती वाजता भाजलं?’ हा प्रश्न दारातच सिस्टरने विचारायला हवा. आणि घरच्यांनी भाजल्यावर शाई, टूथपेस्ट, हळद काहीही न फासता वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडायला हवे.

तिसरी कॉट, उद्या ऑपरेशन असलेल्या काकांची. ‘रुग्णास उपाशी ठेवणे’ असे तिने लिहिले. का? ‘भूल द्यायची असते म्हणून.’ तरी का? इथे ती अडली. भुलीत गिळण्याची आणि खोकण्याची जाणीव जाते. पोटातले अन्न वर आले तर ते फुप्फुसात उतरते, जिवावर बेतते. म्हणून हलके खाणे निदान सहा तास आधी बंद आणि साधे पाणी दोन तास आधी बंद, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. तुमचे डॉक्टर सांगतील ती वेळ पाळावी. आता आपल्याकडचा घोटाळा असा की, ‘काही खायचं नाही’ म्हटले की काका चहा घेतात. चहा कुठे खातात? तो पितात! दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, त्याला खाण्याचाच नियम लागतो. हे ज्या मुलीला कळले ती ‘उपाशी राहा’ असे न म्हणता ‘सकाळचा चहासुद्धा नाही’ असे सांगेल. एका वाक्याने ऑपरेशन रद्द व्हायचे वाचेल.

चौथी संध्याकाळ आम्ही शब्दांना दिली. पुस्तके इंग्रजीत आणि रुग्ण मराठीत, ही आपल्या मुलींची मोठीच अडचण. पुस्तकात ‘रेस्टलेसनेस’ असते, रुग्ण म्हणतो ‘जीव घाबरा होतोय.’ पुस्तकात ‘डिस्प्निया’ असतो, आजी म्हणतात ‘धाप लागतीया.’ ‘पायाखाली कापूस असल्यागत वाटतं’ असे कुणी म्हटले तर तो मधुमेहाने बधिर झालेला पाय असू शकतो. आषाढी वारीत अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्याला फोड येतात. बधिर पायाच्या माणसाला तो फोड दुखतच नाही आणि जखम आत जाते. मी तिला वहीचे शेवटचे पान रुग्णांच्या शब्दांसाठी ठेवायला सांगितले. एका बाजूला पुस्तकातला शब्द, दुसऱ्या बाजूला कॉटवरचा. परीक्षेला ते पान कुणी विचारणार नाही. पण नोकरीच्या पहिल्या रात्री तेच उघडावे लागेल.

आम्हीही चुकीचे शिकवले

या वयात एक कबुली दिली पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला स्पिरिट लावून जोरात चोळा, वर पावडर टाका, कमरेखाली हवेची रिंग द्या, असे मी कित्येक वर्षे शिकवले. मुलींनी ते लिहिले, मी बरोबरची खूण केली. आज आपल्याला ठाऊक आहे की हाडावरची लाल झालेली कातडी चोळली तर आतला नाजूक भाग आणखी फाटतो. रिंगने कडेचा रक्तपुरवठा दबतो. स्पिरिटने कातडी कोरडी पडते.

मग करायचे काय? साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. चादर ओढून रुग्णाला फरफटवायचे नाही, उचलून सरकवायचे. कातडी कोरडी आणि स्वच्छ ठेवायची. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी द्यायची. अंग पुसताना माकडहाड, कुल्ले, टाचा, कोपर आणि डोक्याची मागची बाजू रोज नजरेखालून घालायची. लाल डाग बोटाने दाबून पाहायचा. दाबल्यावर पांढरा पडला नाही तर धोक्याची सुरुवात समजायची. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून तिथे हाताला ऊन किंवा कडक लागते का ते पाहायचे.

हे साधे वाटते. पण साधे काम वर्षानुवर्षे न चुकता करणे म्हणजे काय, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी दाखवले. आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची शुश्रूषा त्यांनी १९७३ पासून मे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे केली. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, सेवा बदलली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्या सेवेचा मुद्दाम गौरव केला. ‘परिचर्या लिहा, गुण पाच’ या प्रश्नाचे याहून मोठे उत्तर मला माहीत नाही.

मुद्दा असा की शास्त्र पुढे जाते. जे नुसते पाठ केले ते बदलता येत नाही. ज्याचे कारण कळले ते मात्र नवे ज्ञान आले की सुधारता येते.

“मॅडम, परीक्षक पॉइंट मोजतात”

मुलगी हुशार आहे. चौथ्या दिवशी तिने मलाच पेचात टाकले. “मॅडम, तुमचं पटतं. पण मी ‘का’ लिहीत बसले तर पेपर पुरा होणार नाही. परीक्षक पॉइंट मोजतात.”

खरे आहे. मीही मोजले आहेत. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर, उन्हाळ्याचे दिवस, मुदत संपत आलेली. अशा वेळी आठ मुद्दे दिसले की पाच गुण देऊन मी पान उलटले आहे. आठही मुद्दे कोणत्याही आजाराला लागू पडतील असे आहेत, हे माझ्या लक्षात येत नव्हते असे नाही. तेव्हा दोष एकट्या मुलींचा नाही. जे विचारले जाते तेच वाचले जाते.

पाठांतरालाही मी नावे ठेवणार नाही. पहाटे तीन वाजता पुस्तक उघडायला वेळ नसतो. प्रौढाची नाडी ६० ते १००, श्वास मिनिटाला १२ ते २०, लघवी तासाला निदान ३० मिलिलिटर, पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन शिरेतून थेट कधीही द्यायचे नाही. हे पाठच हवे, पाढ्यासारखे. पण पाढे पाठ असले म्हणजे हिशेब येतो असे नाही.

दुसरी अडचण पोरींच्या हातातली नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. आपल्यापैकी ज्यांनी सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात एक रात्र काढली आहे, त्यांनी स्वतःच मोजून पाहावे. कॉटा किती होत्या, जमिनीवर गाद्या किती होत्या आणि सिस्टर किती होत्या? अशा वॉर्डात शिकायला आलेली मुलगी विद्यार्थिनी राहत नाही. ती रिकामी दिसलेली दोन हातांची माणूस होते. सलाईन बदल, नमुने लॅबला पोचव, औषधे आण. दिवसभर पळते आणि संध्याकाळी जर्नलमध्ये केअर प्लॅन मैत्रिणीच्या वहीतून उतरवते. दुसरीकडे काही शाळा अशाही निघाल्या की इमारत चकचकीत, बस चकचकीत, पण शिकायला पुरेसे रुग्णच नाहीत.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी निदान निम्मे प्रश्न रुग्ण देऊन विचारावेत. ‘शॉकची लक्षणे लिहा’ असे न विचारता चार तासांचे चार आकडे द्यावेत आणि विचारावे, ‘आता तुम्ही काय कराल, कुणाला बोलवाल आणि का?’ असा प्रश्न मला १९७५ साली कुणी विचारला असता तर त्या फिटरचे दोन तास वाचले असते. शिकवणाऱ्यांनी दिवसातला अर्धा तास तरी कॉटजवळ उभे राहून शिकवावे. आणि आईवडिलांनी नर्सिंगची शाळा निवडताना फी आणि हॉस्टेलबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा, ‘मुली कोणत्या रुग्णालयात शिकतात आणि तिथे त्यांच्याबरोबर शिक्षिका असतात का?’

लाल टोपण, केशरी टोपण

आता शेवटची गोष्ट, म्हणजे लेख लिहायला बसण्याचे खरे कारण.

मधुमेहाच्या उजळणीत मी तिला इन्शुलिनचा हिशेब घातला होता. आपल्याकडे इन्शुलिनची बाटली दोन तऱ्हेची मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली. प्रत्येकीची सिरिंज वेगळी. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे केशरी. ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज अशी गाठ पडली तर २० च्या खुणेपर्यंत ओढूनही अंगात फक्त ८ युनिट जातात. उलट झाले तर २० च्या जागी ५० जातात, आणि माणूस घाम फुटून, थरथरून बेशुद्ध पडू शकतो. तिने गणित बरोबर सोडवले आणि मुकाट्याने निघून गेली.

रविवारी ती गावाकडे गेली होती. सोमवारी एसटीतून उतरून थेट माझ्या दारात. “मॅडम, आजोबांची बाटली चाळीसची आणि सिरिंज केशरी टोपणाची.”

दोन वर्षे आजोबांची साखर उतरत नव्हती. घरातले म्हणत, आजोबा चोरून गूळ खातात. आजोबा रागावून जेवण टाकत. मधुमेहाच्या धड्यात ही मुलगी बाटली आणि सिरिंज दोन्ही वाचून गेली होती. घरातली बाटली मात्र तिने त्या रविवारपर्यंत कधी हातात घेऊन पाहिली नव्हती.

मी विचारले, “मग तू काय केलंस? सिरिंज बदललीस?”

“नाही मॅडम. डॉक्टरांनी मागे डोस वाढवत नेला होता. एकदम बरोबरची सिरिंज दिली तर साखर कोसळली असती. बाटली, सिरिंज आणि चिठ्ठी, तिन्ही घेऊन आजोबांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोस नव्याने ठरवून दिला. घरी साखरेचा डबा उशाशी ठेवायला सांगितलाय. थरथर झाली तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, गाडी काढायची.”

मी गप्प बसले. सिरिंज बदलण्यापूर्वी थांबायचे असते, हे मी तिला शिकवलेच नव्हते. ते तिने स्वतः विचार करून काढले होते.

वाचकहो, घरात कुणी इन्शुलिन घेत असेल तर आज बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर घाबरू नका आणि परस्पर बदलही करू नका. दोन्ही वस्तू हातात घेऊन डॉक्टरांना दाखवा.

तिची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. किती गुण पडतील ते परीक्षक ठरवतील. निघताना मी तिला पुन्हा तोच प्रश्न विचारला, “मानसिक आधार म्हणजे काय गं?” या वेळी ती हसली नाही. म्हणाली, “आजोबांना सांगितलं, तुमची चूक नव्हती. ते रडले मॅडम. रात्री पोटभर जेवले.”